साडेसात म्हणजे साडेसात

असे किस्से साठतात फार. ज्याचे किस्से, तेही साठतं, हीच तर मूळ अडचण!

मोटरसायकल घसरून माझा मणका मोडला. कमरेखालचं काही कळेना, त्यामुळे पोटही बेभरवशाचं. परळच्या हॉस्पिटलात सावंत सिस्टरांनी त्याला शिस्त लावायला घेतली. "सातला गरम चहा, सव्वासातला खालून ठेवायची गोळी, साडेसातला कमोड. लग्न असो की मयत, साडेसात म्हणजे साडेसात!" सलग एकवीस दिवस घोटाळा झाला नाही, तर कामावर जायचं पत्र. दादरच्या ऑफिसने माझी जागा महिनाअखेरपर्यंतच धरली होती. मला ती नोकरी हवीच होती.

*

शेजारच्या खाटेवर कांबळे सर, रिटायर्ड मास्तर. रोजची नोंद वहीत करायची असे. मी नुसतं 'हो' नाहीतर 'नाही' लिहायचो. सरांनी चौथ्या दिवशी स्वतःच्या पोटाबद्दल लिहिलं, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.'

*

घोडपदेवला घरी आलो. पायांची चौकशी कोणी करेना, सगळ्यांना काळजी पोटाची! गिरगावच्या मावशीने तर नवव्या दिवशी गुपचूप चहात एरंडेल घातलं. पुढचं सांगत नाही, गादी टाकून द्यावी लागली. सिस्टरांनी फोनवरच मोजणी पुन्हा एकवर आणली. महिना संपायला बरोबर एकवीस दिवस उरले होते. मला रडू आलं.

मावशी मात्र नातेवाइकांना फोन करत होती, "शेवटी माझ्याच औषधाने गुण आला हो!"

*

ऑफिसला कळवलं, आलो तर दहाला येईन, सकाळी माझं हे असं असतं. एचआरची मुलगी म्हणाली, "सर, पोर्टलवर असं कारणच नाही. मी साडेसातची रोजची मीटिंग म्हणून टाकते."

निमंत्रण अख्ख्या टीमला गेलं. तिघांनी ॲक्सेप्ट केलं! मॅनेजरचा मेसेज आला, "मी ऑनलाइन आलो तर चालेल का?"

*

आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या सामायिक संडासांपैकी एक माझ्यासाठी रुंद करून त्यात कमोड बसवला. म्हणून हॉस्पिटलची कमोडखुर्ची मी परत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दाराला फीत! आमच्या भागातल्या नेत्यांच्या हस्ते सात वाजता उद्घाटन. तो माझा एकविसावा दिवस.

नेते आले सात पंचवीसला, आणि आल्या आल्या त्यांनी माइक घेतला. माझी गोळी ठेवून झालेली. गोळीला नेते कळत नाहीत!

"साहेब, वेळ झाली माझी."

"दोनच शब्द बोलतो."

मी व्हीलचेअरसकट फितीतून आत घुसलो आणि कडी लावली.

बाहेर विकासावर भाषण सुरू. चाळ गॅलरीत उभी होती, पण भाषण कोणीच ऐकत नव्हतं. एकविसावा दिवस सगळ्यांना ठाऊक होता. आठ वाजता आईने वरून हाक मारली, "बाबू, झाला काय रे?"

"झाला!"

अख्खी चाळ टाळ्या वाजवायला लागली. शिट्ट्या पडल्या. माझे डोळे भरून आले. कडी काढून बाहेर आलो, तर नेते माइक बाजूला ठेवून, हात जोडून चारी मजल्यांना नमस्कार करत होते.