पुसलेलं चैत्रांगण

मागच्या गुरुवारी सकाळी सकाळी आमच्या दारात रडारड झाली. रडत होती आमची शेजारीण एलेनी... आणि तिला रडवलं होतं माझ्या सासूबाईंनी!

एलेनी मूळची ग्रीसची, चित्रकार. तिकडच्या खेड्यांतले जुने पोशाख, भरतकाम, लग्नातल्या चादरी हे सगळं ती वर्षानुवर्षं कागदावर उतरवत आलीय. आता इथे आयर्लंडमध्ये, आमच्या गॉलवेतही म्हाताऱ्या बायकांना गाठून त्यांच्या विणकामाचे नमुने काढत बसते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीहून आल्या त्या रांगोळीचा डबा घेऊनच. (एअरपोर्टवर ती पांढरी पावडर बघून मी आधी आजूबाजूला पोलीस आहेत का ते बघितलं होतं...) बाहेरचा वारा काही टिकू देत नाही, म्हणून पोर्चमध्ये चैत्रांगण सुरू झालं. मधे झोपाळ्यावर गौर, भोवती सूर्य, चंद्र, तुळस, हत्ती, कासव...

बुधवारी एलेनी दही मागायला आली आणि तिथेच खिळली. स्केचबुक आणून संध्याकाळपर्यंत बसली, तरी अर्धंच झालं. "उरलेलं उद्या," म्हणाली. आईंचं तिकीट रविवारचं होतं, त्यामुळे जरा घाईच होती.

गुरुवारी येऊन बघते तर पोर्च लख्ख! आईंनी सगळं पुसून टाकलेलं. आमच्याकडे रोज पुसायचं आणि रोज नवं काढायचं... पण हे तिला आधी सांगावं एवढंही मला सुचलं नाही. अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे.

आई म्हणाल्या, "रडतीय कशाला ती? माझा हात मोडलाय का? परत काढू की! फक्त ती वही ठेव म्हणावं बाजूला." आणि त्यांनी एलेनीच्या चिमटीत रांगोळी दिली.

पहिली रेघ... अहो, गांडूळ बरं! मी फिस्सकन हसले. आईंनी डोळे वटारले, "तुला तरी येतीय का गं?"

नाही येत. लग्नाला बारा वर्षं झाली, मी दिवाळीला रांगोळीचे स्टिकर चिकटवते. गपचूप मीही खाली बसले.

मग तीन दिवस आम्ही तिघी. आई मराठीत ओरडायच्या, एलेनी इंग्रजीत सॉरी म्हणायची आणि कुणाचं काही अडलं नाही. इतकं हसलोय की विचारू नका!

रविवारी आई गेल्या. जाताना रांगोळीचा डबा त्यांनी एलेनीला दिला... खरं सांगते, मला लागलं ते.

मंगळवारी दार उघडलं तर एलेनी पोर्चमध्ये उकिडवी बसलेली. गौर, तुळस, चंद्र जागच्या जागी. हत्तीची सोंडसुद्धा आईंसारखीच, जराशी वाकडी! मी आईंना व्हिडिओ कॉल लावला.

"झकास गं पोरी! पण कासव कुठाय?"

एलेनी हसली आणि तिने डबा माझ्यापुढे सरकवला. कासवाची जागा तिने मुद्दाम मोकळी ठेवली होती.

थँक यू, एलेनी. आणि आई... कासव फारच बेढब आलंय. उद्या पुसून परत काढते.