चंद्रावरची माणसं आडवी पडली तेव्हा

मी चौथी नापास. तीही दोनदा. जन्मात एकच पुस्तक माझ्या वाट्याला आलं, तेही दुसऱ्याने वाचलेलं, आणि तेवढ्यावर माझं वर्क परमिट जायची पाळी आली. शिकलेली माणसं कपाटं भरून वाचतात आणि सुखरूप राहतात. मला अर्धंच बाधलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. सिंगापुरात तुआसला जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात मी फिटरचा हेल्पर होतो. म्हणजे फिटरने पाना मागितला की त्याच्या हातात हातोडा देणारा. चाळिशी उलटली होती म्हणून गँगमधले सगळे चाचा म्हणायचे. रविवारी मी बिशानला एका मराठी साहेबांकडे जायचो. ते मरीन इंजिनिअर. एकदा यार्डात माझ्या पायावर पाइप पडला, तेव्हा मी जे काय बोललो त्यावरून त्यांनी ओळखलं की हा आपल्याकडचा. त्यांच्या फ्लॅटवर वहिनी वरणभात वाढायच्या आणि साहेब हातातल्या इंग्रजी पुस्तकातली गोष्ट सांगायचे. खरं म्हणजे त्यांना मुलीला सांगायची असायची. पण ती तिथल्या पोरांच्या धाटणीत "पप्पा, सो बोअरिंग ला!" म्हणून आत निघून जायची. उरलो मी. वरणभात खाल्लेला माणूस कुठे जाणार?

गोष्ट चंद्रावरची. पृथ्वीवाल्यांनी माणसं चंद्रावर नेली, खाणीत घातली. खणायचं आणि माल पृथ्वीवर पाठवायचा. हवा मात्र पृथ्वीवाल्यांच्या ताब्यात. प्रत्येकाच्या छातीवर एक डबी. वाट्याची हवा संपत आली की डबी वाजते. माल कमी निघाला की हवा कमी. साहेब दर रविवारी जेवढं वाचून झालं असेल तेवढंच सांगायचे, आणि मी तेवढंच पाणी घालून सोमवार ते शनिवार गँगला पुरवायचो.

आम्ही वीस जण. बंगाली, तेलुगू, दोन पंजाबी आणि मी एक मराठी. सगळ्यांची मिळून भाषा म्हणजे माझं मोडकं हिंदी, यावरून बाकीच्यांचं काय असेल ते बघा. जेवण झालं की जहाजाच्या पोटाखाली सावलीत जो तो आपला पुठ्ठा पसरायचा आणि आडवा व्हायचा. मी मध्ये उभा राहून गोष्ट सांगायचो. निम्मे लोक जहाजाच्या टाक्यांच्या आत काम करणारे. आत हवा येते ती पंख्याला लावलेल्या नळीतून. मी छातीवरच्या डबीचं सांगायला लागलो की ते हसायचे नाहीत. गप्प वर बघत राहायचे. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय याचीच मला एवढी धुंदी!

त्या शनिवारी गोष्ट ऐन भरात आली होती. पृथ्वीवाल्यांनी हवा निम्मी केली. मग चंद्रावरच्या माणसांनी ठरवलं, लढायचं, पण हत्यार नाही. सगळ्यांनी आडवं पडायचं. हलायचं नाही, हळूहळू श्वास घ्यायचा. काम नाही, त्यामुळे हवा जास्त दिवस पुरेल आणि पृथ्वीवर माल जाणार नाही. बघू आधी कोण दमतं.

"सायरन बजा," मी म्हणालो, "और कोई नहीं उठा."

आणि नेमका तेव्हाच आमचा सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

कुणी उठलं नाही.

देवाशप्पथ, मी कुणाला झोपून राहा म्हणालो नव्हतो. मी फक्त जरा रंगात येऊन हात वर केला होता. एक बंगाली फिटर, आमच्यात सगळ्यात जुना, पडल्यापडल्या म्हणाला, "चाचा, फिर?" मी म्हणालो, "अरे उठो, भोंगा हो गया!" तर तो म्हणतो, "पहले बोलो, फिर उठेगा." त्याचं बघून बाकीचेही पडूनच.

फोरमन कोपऱ्यावरून आला तेव्हा त्याला जे दिसलं ते असं: एकोणीस माणसं उताणी, आणि मध्ये हात वर करून उभा असलेला मी.

संप कसा करतात ते मला माहीत नव्हतं. संपानंतर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. परमिट कट, दुसऱ्या दिवशी विमान. माझ्या मुलीचं लग्न फाल्गुनात ठरलेलं. ते काही माझ्याकडे बघून ठरलं नव्हतं. माझ्याकडे बघितलं असतं तर ठरलंच नसतं. मुलाकडच्यांनी सिंगापूरकडे बघितलं होतं. बाप घरी बसलेला दिसला असता तर त्यांनी नारळ परत पाठवला असता.

फोरमनने सगळ्यांना उठवलं आणि मला ऑफिसात नेलं. मॅनेजर चिनी, फोरमन तिथलाच तमिळ. मला खुर्ची दिली नाही. मॅनेजरने विचारलं, "हू टोल्ड देम टू लाय डाउन?" फोरमनने माझ्याकडे बोट केलं. माझे गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. नंतर मी बरीच वर्षं सांगत आलो की एसीची थंडी होती. एसी बंद होता.

"स्टोरी, सर," मी म्हणालो. "मून स्टोरी."

"व्हॉट मून?"

मग मी माझ्या इंग्रजीत सगळा चंद्र मांडला. मून मॅन डिगिंग. अर्थ बॉस एअर कटिंग. मून मॅन ऑल स्लीपिंग. सांगतासांगता माझ्याच कानाला ते कसं लागतंय ते कळत गेलं. बॉस, कटिंग, स्लीपिंग! मी स्वतःच्या तोंडाने स्वतःचं तिकीट फाडत होतो. पण मध्येच थांबलो तर आणखी वाईट दिसलं असतं.

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "देन? हू विन?"

आणि मला माहीतच नव्हतं! साहेबांनी तिथपर्यंत सांगितलंच नव्हतं. चंद्रावरची माणसं अजून आडवीच होती. फोरमन माझ्याकडे बघत होता.

"अर्थ, सर," मी म्हणालो. "अर्थ बॉस विन. मून मॅन सॉरी बोला. ऑल गेट अप, ओव्हरटाइम डूइंग."

"अँड द लीडर?"

"नो लीडर, सर. ऑल लेझी."

मॅनेजर हसला. फोरमन हसला. मीही हसलो, सगळ्यात मोठ्याने. आयुष्यभर लोकांना हसवलं, पण इतकं लाचार हसू कधी काढलं नव्हतं. मग एक कागद पुढे आला. काय लिहिलं होतं ते मी आजही सांगू शकत नाही, सही मात्र केली. फोरमन म्हणाला, "वन मोअर टाइम, फिनिश."

दुसऱ्या दिवशी बिशानला गेलो. साहेब खुशीत होते. "या या, पुस्तक संपलं. शेवट काय आहे माहितीये?"

"नको, साहेब."

"अहो, असं काय? तीन महिने ऐकताय!"

"सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बरं नाही का तुम्हाला?" मी म्हणालो, पोट बिघडलंय. शेवट कळला असता तर माझ्या तोंडात राहिला नसता. माझ्या तोंडात काहीच राहत नाही. आणि तो जर चंद्राच्या बाजूचा निघाला असता तर?

सोमवारी जेवण झाल्यावर पुठ्ठे पसरले. मी बसून होतो. फोरमन जवळच्या खांबापाशी येऊन उभा राहिला. याआधी तो तिथे कधी उभा राहायचा नाही.

जुना बंगाली म्हणाला, "चाचा, फिर क्या हुआ? जीता ना?"

मी खांबाकडे बघितलं. "पृथ्वी जीता. सब ने माफी मांगा. उठ के काम पे गया."

एक पंजाबी उठून बसला. "इतने दिन लेटे रहे, और माफी?"

"किताब में ऐसा ही है," मी म्हणालो.

बंगालीने खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं होतं. त्याने पुठ्ठा उचलला, दहा पावलांवर नेऊन टाकला आणि हेल्मेट तोंडावर घेऊन पडला. मग एकेक करून बाकीचेही तिकडेच गेले.

लग्न फाल्गुनात झालं. पण त्या सोमवारी, खांबापाशी फोरमन होता म्हणून, कुणी विचारलेलं नसताना, मी रिकाम्या सावलीत मोठ्याने आणखी दोनदा सांगितलं की पृथ्वी जिंकली.