बंद मिलची हजेरी

आमच्या व्याह्यांएवढा वक्तशीर माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा न्हाई, आणि देवानं दुसरा घडवूही नये. एकालाच आम्ही सगळे घाबरून असतो. माझी लेक लातूरला त्यांच्या घरात दिलेली. व्याही तिथल्या एका डाळमिलमध्ये हजेरीमास्तर. फाटकाशी खुर्ची टाकून कोण कधी आलं, कधी गेलं ते मस्टरवर मांडायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. ते फाटकातच थांबलं असतं तर बरं होतं. पण लेकीच्या लग्नात ह्यांनी अख्ख्या वऱ्हाडाची हजेरी घेतली. लग्न लावायला आलेल्या स्वामींनाही सोडलं न्हाई, घड्याळ पुढं करून म्हणाले, "अकरा मिनिटं लेट." नांदेडला आमच्याकडं आले की कपाला ओठ लावायच्या आधी मनगट बघायचं आणि म्हणायचं, "विहीणबाई, चहा सात मिनिटं लेट." रागवावं म्हटलं तर तोवर दुसऱ्यांदा कप पुढं केलेला असायचा.

तर अशा माणसाची मिल मागच्या वर्षी मालकानं बंद केली. घरात दुसरी मिळकत म्हणजे जावयाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यात गिऱ्हाइकापेक्षा माश्या जास्त. नोकरी गेलेल्या विमेदार कामगाराला तीन महिने अर्ध्या पगाराएवढा भत्ता मिळतो, हे लेकीनं मोबाइलवर शोधून काढलं. अटीही बसत होत्या; विमा कितीतरी वर्षं भरलेला, नोकरी स्वतःच्या चुकीनं गेलेली न्हाई. व्याह्यांनी अर्ज भरला तो काय देखणा! आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, आणि आपण किती इमानी कामगार आहोत ते कळावं म्हणून, कुणी मागितली नसताना, मस्टरचीही झेरॉक्स. आठ दिवसांत अर्ज माघारी.

लेकीचा रडवेला फोन आला तशी मी एसटी धरली आणि व्याह्यांना घेऊन कामगार विम्याच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या पोरीनं कागद आमच्याकडं फिरवला. "काका, मिल बंद होऊन दोन महिने झाले, आणि तुम्ही तर रोज हजर दिसायलात. मग बेकार कसे?"

"हजर म्हणजे हजरच. नऊच्या ठोक्याला फाटकावर असतो मी."

मग उलगडा झाला. व्याही रोज डबा घेऊन बंद फाटकाशी जायचे. वॉचमन खुर्ची द्यायचा. पाचपर्यंत बसायचं, मस्टरवर स्वतःपुढं 'हजर' लिहायचं आणि बाकीच्या अडतीस जणांपुढं 'गैरहजर'.

"काका, 'मला काम नाही' एवढं लिहून द्या ना."

"तीस वर्षांत खोटी हजेरी मांडली न्हाई, पोरी. मी असताना न्हाई कसं लिहू?"

पोरगी माझ्याकडं बघायली, मी पंख्याकडं.

बाहेर चहाच्या टपरीवर मात्र माझ्यानं राहवलं न्हाई. "व्याहीबुवा, त्या अडतीस जणांना गैरहजर कोणत्या इमानानं लावलं? फाटक उघडं असतं तर आले नसते का ते?"

त्यांचा कप बशीतच राहिला. मग पिशवीतनं मस्टर काढलं, लाल पेन काढला आणि एकेकाचं नाव पुटपुटत 'गैरहजर' खोडून बाजूला 'मिल बंद' लिहायला लागले. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कोण आता हमाली करायलाय, तेही मधेमधे सांगत होते. अडतीस झाले. शेवटची ओळ त्यांची. तिथं पेन थांबला.

"विहीणबाई, एवढी तुम्ही लिहा. माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

मी कधी शाळेची पायरी चढले न्हाई. लेकीच्या पाटीवर तिच्याबरोबर अक्षरं गिरवली तेवढीच. त्यांचं 'हजर' खोडून वाकडंतिकडं लिहिलं, 'मिल बंद'. त्यांनी खाली सही केली, आणि सवयीनं वेळही घातली.

नव्या कागदांवर भत्ता मंजूर झाला. घराला दम खायला सवड मिळाली, जावयाच्या दुकानात माणसं यायला लागली. व्याह्यांचं फाटकावर जायचं थांबलं.

परवा ते नांदेडला आले होते. मी मुद्दाम चहाला चांगला अर्धा तास उशीर केला, आणि कप हातात देऊन समोरच उभी राहिले. घड्याळ मनगटावर होतं. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "छान झालाय."