भावाचा इग्वाना

भावाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. बाबा स्वतः भिक्षुक. आयुष्यभर दुसऱ्यांची क्रियाकर्मं केली. त्या दिवशी मात्र ते यजमानाच्या पाटावर होते आणि मंत्र दुसरे गुरुजी सांगत होते. नातेवाईक एकेक करून पुढे येऊन सांगत होते, बाबांना सांभाळू, बहिणीला एकटं पडू देणार नाही. कावळा बाभळीवर बसून सगळी गंमत बघत होता. ऊन चढलं होतं, माझे पाय पोळत होते आणि मला घरी जायचं होतं. म्हणून मी म्हणाले, "तुझा इग्वाना मी सांभाळीन." कावळा उतरला. मंडळींनी हात जोडले. मला काहीच वाटलं नाही.

इग्वाना म्हणजे परदेशी हिरवा सरडा. भावानं तो अकोल्याच्या एका दुकानातून आणला तेव्हा वीतभर होता, आता शेपटीसकट चार फूट झाला होता. बाबांच्या पूजेच्या जास्वंदीवर त्याचा डोळा असे. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात," बाबा म्हणायचे, "हा तं देवघरापर्यंत आला." तो अंगाला लागला की बाबा पुन्हा आंघोळ करत, आणि भाऊ तो मुद्दाम लावायचा. मग डेंग्यूनं चार दिवसांत भाऊ गेला.

मी अमरावतीत वकिली करते. रोज सकाळी शेवग्याचा पाला तोडायचा, दोडका चिरायचा, पिंजऱ्यातला दिवा लावायचा आणि कोर्टात जायचं. भावाच्या मृत्यूचा दाखला मीच आणला, प्रती काढल्या, त्याची मोटरसायकल बाबांच्या नावावर केली. अशिलाचं काम करावं तसं सगळं केलं. रडलीस का, असं मावशी फोनवर विचारायची. नाही, म्हणायचे. खोटं कशाला बोलायचं?

तेव्हा परदेशी प्राणी घरात असेल तर त्याची सरकारदरबारी नोंद करा, असा नियम आला होता. कोर्टातल्या बार रूममध्ये त्यावर वाद पेटला. घरी राघू पाळलेले एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "काहून वो मॅडम, देशी पोपट पाळला तं गुन्हा, अन् परदेशी सरडा पाळला तं नुसता अर्ज? हा कोणता न्याय?" मी तावातावानं बोलले. नोंद हवीच, कागद नसेल तर जनावर काढून घ्या, लोक आज हौसेनं आणतात आणि उद्या तळ्यात सोडून मोकळे होतात. मला ते खरंच पटतं. "लपवून ठेवलं तं कोन येऊन राहिलं पाहाले?" असं म्हणून ते हसले. माझ्या घरी तसंच बिनकागदाचं जनावर आहे, हे मी बोलले नाही. चहा संपवला.

रविवारी अकोल्याला त्या दुकानात गेले. "बिल?" दुकानदार चाचा म्हणाले. "बाई, याचं बिल कोनीच देत नाही. आता लिहून दिलं तं मीच फसतो." मग माशांच्या टाकीची काच पुसत त्यांनी विचारलं, "भाई कसे हायेत? शेवग्याचा पाला द्या म्हून मीच सांगतलं होतं त्याह्यले."

"बरा आहे," मी म्हणाले. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं तेव्हा कळलं, आपण काय बोललो ते. कळूनही काही वाटलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. खरं लिहून नोंद केली, तर बिल नाही म्हणून वनखातं त्याला नेऊ शकतं. लपवला तर राहील. आणि मी तर शब्द दिलाय, कावळा शिवलाय.

"कावळ्याचं काय घेऊन बसली?" बाबा म्हणाले. "लोकं मांगं सरकले का तो येतेच. चाळीस वर्षं पाहून राहिलो मी." मग म्हणाले, "पण बोलली तं तूच होती."

बोलले तर मी दोन्हीकडे होते, घाटावरही आणि बार रूममध्येही. मी अर्ज उघडला. मालक म्हणून माझं नाव घातलं. बिल नाही, असं लिहिलं. प्राणी कोणाकडून मिळाला? भावाकडून. त्याच्याकडून तुमच्याकडे का आला?

इतके दाखले काढले, पण मृत्यू हा शब्द दर वेळी छापूनच आलेला असे. माझ्या हातानं मी तो कधी लिहिला नव्हता. 'भाऊ वारला' एवढंच लिहिलं आणि मला रडू फुटलं. दहाव्याला रडायचं ते मी तिथे, खुर्चीत बसून, भोकाड पसरून रडले.

बाबा उठले आणि पिंजरा उघडून स्वतः पाला घालू लागले. मी डोळे पुसून अर्ज पाठवून दिला. इग्वानाची शेपटी बाबांच्या धोतरावरून सरपटत गेली. ते तसेच बसून राहिले, आंघोळीला उठले नाहीत.