बिनचिठ्ठीचा डबा

माझ्या घरच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीलाही तारीख असते. आई होती तोवर चिडवायची, "मला पण चिकटव एक चिठ्ठी, नाहीतर एक दिवस उचलून टाकून देशील." मला हसू यायचं नाही. हॉटेलच्या बेकरी किचनमध्ये सोळा-सतरा वर्षं काढली की माणूस असाच होतो. आत काय आहे, कधी केलं आणि कुणी केलं, हे ज्या डब्यावर लिहिलेलं नाही ते अन्न नाही, कचरा. सकाळी आल्या आल्या फ्रीज उघडायचा आणि बिनचिठ्ठीचं जे दिसेल ते हुंगत बसायचं नाही, सरळ टाकून द्यायचं. नवीन आलेल्यांना मी हे इतक्या कडक आवाजात शिकवते की माझ्यामागे माझी नक्कल होते. होऊ दे. मी मुळातच फटकळ आहे, आणि हा नियम चांगलाच आहे, असं मी आजही म्हणते.

हा नियम मला दादांनी शिकवला नव्हता. दादा म्हणजे डोंबिवलीच्या ज्या बेकरीत मी एकोणिसाव्या वर्षी कामाला लागले, तिथे केकवरची फुलं करणारे कारागीर. सगळे त्यांना दादाच म्हणत, मालकसुद्धा. मूळचे कोकणातले, राहायला आंबिवलीला. पहिले चार महिने त्यांनी मला नुसती पानं करायला लावली, साखरेची हिरवी पानं. वैतागून विचारलं, "दादा, गुलाब कधी?" तर म्हणाले, "अगं, पान खोटं वाटलं ना, की फूल कितीपण चांगलं कर, लोक प्लॅस्टिकचं आहे बोलतात." चिठ्ठी, तारीख वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. आइस्क्रीमच्या धुतलेल्या डब्यांत त्यांचा सगळा संसार असायचा आणि कुठल्या डब्यात काय आहे ते त्यांच्या डोक्यात. मी होते तेवढ्या वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत.

मी पुढे ठाण्याच्या हॉटेलात गेले. माझी शेफची टोपी उंच झाली आणि इकडे बेकरीत फोटो छापलेले केक आले, तयार बाहुल्या आल्या, तयार फुलं आली. मालकाने दादांना काढलं नाही, हे खरं. काउंटरमागे खोकी बांधायला बसवलं. कधीतरी एखादी जुनी गिऱ्हाईक बाई साखरेचे गुलाब मागायची, तेवढंच त्यांचं काम उरलं. त्यात डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं गेलं ते परत येणार नाही, मधलं आहे ते थेंब घालून टिकवा, किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात आमच्या हॉटेलला टीव्हीवरच्या केकच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. दोघांची जोडी, दोघंही पोटापाण्यासाठी हेच काम करणारे हवेत, एवढी अट. मी हॉटेलातलं कुणी न घेता आंबिवलीला गेले. दादा आधी नाहीच म्हणाले. "तिथे सगळे इंग्लिश मारणार. मी काय तोंड उघडू?" वहिनींनी चहा ठेवला. चहा निवला तरी दादांनी कपाला हात लावला नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सोनचाफा करता येईल."

त्यांच्या गावच्या अंगणात सोनचाफ्याचं झाड होतं. इतकी वर्षं फुलं केली पण बेकरीत सोनचाफा कुणी मागितला नाही, लोकांना गुलाब हवा. सोनचाफ्याची पाकळी निमुळती, पातळ, टोकाला किंचित वळलेली. ती साखरेत करणं म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं काम.

"डोळे आहेत तोवर एकदा करायचाय गं," ते म्हणाले. "चार लोकांनी बघितला पाहिजे. मग गेले तरी चालतील."

"तिन्हीसांजेचं काय बोलताय!" वहिनी ओरडल्या. दादा हसले आणि मला म्हणाले, डोळ्यांचं त्यांना एवढं भय नाही. त्यांच्या आईचं शेवटी डोकं गेलं होतं. चुलीवर भांडं ठेवायची आणि विसरायची, पुढे पुढे दादांनाच विचारायची, तुम्ही कुणाकडे आलात. "तसं नको व्हायला. बाकी काय पण चालेल."

शूटिंग शीळफाट्याच्या पुढे एका गोदामात होतं. बाहेर कंटेनरांची रांग आणि धूळ, आत गुलाबी भिंती आणि चकचकीत ओटे. आठ जोड्या. पहिल्या दिवशी केक आणि आतलं सारण, दुसऱ्या दिवशी सजावट. माझ्याकडे तीन मजल्यांचा केक, दादांकडे त्यावर वरपासून खालपर्यंत उतरणारी सोनचाफ्याची फांदी.

फुलांसाठी पिठीसाखर, अंड्यातलं पांढरं आणि डिंकाची पूड मळून एक गोळा करतात. आम्ही हॉटेलात त्याला गम पेस्ट म्हणतो, दादा कणीक म्हणायचे. ही कणीक रात्रभर मुरावी लागते. ताज्या कणकेची पाकळी पातळ लाटली तर फाटते आणि जाड ठेवली तर वाळताना तडकते. म्हणून पहिल्या दिवशी कॅमेरे बंद झाल्यावर दादांनी ती मळून ठेवली. मला हाक मारून गोळा पुढे केला. "आधी कानाची पाळी धर, मग हे धर. सेम लागतंय का बघ." मी धरून बघितलं. सेम लागत होतं. "झकास," मी म्हटलं. मग मी कपडे बदलायला गेले आणि तशीच ठाण्याच्या गाडीत बसले. दादा मागे आवराआवर करत होते.

दुसऱ्या दिवशी गाडीने मला खोपटहून उचललं. दादा कल्याणकडून रिक्षाने येणार होते, पण फाट्यावर ट्रॅफिक तुंबलं होतं. सेटवर मी एकटीच. ॲप्रन बांधला आणि सवयीने फ्रीज उघडला. तो फ्रीज आम्हा दोन जोड्यांत मिळून एक होता. खालच्या कप्प्यात मागे एक आइस्क्रीमचा डबा होता, वर चिठ्ठी नाही. झाकण काढलं, तर वर एक सुकलेलं फडकं आणि खाली प्लॅस्टिकमध्ये पांढरा गोळा. मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. गोळा कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला, डबा साबणाने धुतला आणि ओट्यावरच्या जाळीत पालथा घातला. थोड्या वेळाने सफाईवाले येऊन बिन घेऊन गेले. आइस्क्रीमचा डबा बघून मला दादा आठवायला हवे होते. पूर्वीची मी असते तर आठवलेही असते.

दादा आले, शूटिंग सुरू झालं. त्यांनी तारा कापल्या, रंग काढले, लाटणं पुसलं. कितीतरी दिवसांनी ते शीळ घालत होते. मग फ्रीज उघडून वाकले. उठले. पुन्हा वाकले, हात घालून चाचपलं.

"इथंच ठेवलेलं मी," ते म्हणाले.

मी जाळीकडे बघितलं. दादांनीही बघितलं.

"हा काय डबा. धुतलेलाच आहे." त्यांनी डबा उचलला, आत बघितलं, वासही घेतला. "म्हणजे भरलाच नाही की काय मी? अगं, तू बघितलंस ना काल? मळलेलं ना मी?"

कॅमेरावाला दोन पावलं पुढे आला होता. कॉलरला माइक होता, छातीवर हॉटेलचं नाव होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी टाकलं. तेवढं म्हटलं असतं तर फार तर मी मूर्ख ठरले असते, जन्मभर हॉटेलात लोक हसले असते. पण चिठ्ठ्यांवरून सगळ्यांना फाडून खाणारी मी, टीव्हीवर स्वतःच्या गुरूची कणीक कचऱ्यात टाकणारी ठरणार, हे माझ्याच्याने सोसवलं नाही.

"मला नाही आठवत दादा," मी म्हटलं. "असू दे ना. ताजं मळू पटकन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. शाळेत सगळ्यांपुढे उभं केलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता. मग ते "बरं" म्हणाले आणि पिठीसाखर चाळायला लागले.

त्या फुलांबद्दल फार लिहवत नाही. पाकळ्या फाटत होत्या, दादा पुन्हा लाटत होते. वरून दिव्यांची धग. परीक्षक आमच्या ओट्याशी पोचेपर्यंत फांदीवरची निम्मी फुलं तडकली होती आणि ते बोलत असताना दोन गळून पडली. "इतका अनुभव असून घाई दिसते," ते म्हणाले. दादांनी हात जोडले. आम्ही बाहेर पडलो. स्पर्धेतूनही आणि गोदामातूनही.

गाडीत सांगू, असं मी ठरवलं होतं. पण गाड्या वेगळ्या दिशेच्या होत्या. रविवारी जाऊन सांगू म्हटलं, तर रविवारी हॉटेलात लग्नाची ऑर्डर निघाली. मग तो भाग टीव्हीवर लागला. फ्रीजपुढे वाकणारे दादा त्यांनी तीनदा दाखवले, खाली रडकं संगीत लावून. "इथंच ठेवलेलं मी" हा तुकडा लोकांच्या फोनवर फिरला. दादांच्या कॉलनीत काही हरवलं की पोरं तसं म्हणायला लागली, हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं. आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. दर महिन्याला ते जास्तच अवघड होत गेलं. मी फोन कमी केले. लाज वाटायची आणि त्या लाजेचा रागही यायचा, तो मी किचनमधल्या लोकांवर काढायचे.

दीड वर्षाने माझं जाणं झालं. वहिनींचा फोन आला होता, दादांचं दिसणं जवळजवळ गेलं म्हणून. फळं घेतली आणि आंबिवलीला गेले.

दादा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. माझा आवाज ऐकून खूश झाले, "किती दिवसांनी गं!" म्हणाले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच थांबले. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. जाड काळ्या पेनने, मोठ्या अक्षरांत. हळद. तिखट. साखर, भरली, तारीख. गॅसच्या बटणांवर एक: बंद केला का. आतून दारावर एक: किल्ली. फ्रीजमध्ये वरणाच्या वाटीलाही.

"त्या स्पर्धेवरनं आले तसे सुरू झाले," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "आईसारखं माझं डोकं गेलं, म्हणतात. बेकरी तेव्हाच सोडली. कशात काय टाकेन नेम नाही, लोकांच्या पोटात जायचं, म्हणाले. बेकरीतली एक जुनी गिऱ्हाईक बाई गुलाब मागायला घरी आलेली, तिला पण नाही बोलले. हात लावला नाही हो त्यानंतर कशाला. आता तर लिहिलेलं वाचता पण येत नाही. रोज मला वाचायला लावतात एकेक डबा."

मी बाहेर आले आणि दादांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. ओळीने सगळं सांगितलं. फ्रीज, फडकं, बिन, धुतलेला डबा. मळताना बघितलं होतं, कानाची पाळी धरून बघितली होती, हेही. मला रडू येत होतं पण मी रडले नाही, तेवढा तरी हक्क आपल्याला नाही असं वाटलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

"म्हणजे मळलेलं मी?" दादांनी विचारलं.

"हो."

"आणि झाकून, फडकं घालून ठेवलेलं?"

"हो दादा. बरोबर ठेवलेलं."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरंखुरं हसू, सुटल्यासारखं. मान हलवत ते दोनदा म्हणाले, "विसरलो नव्हतो. विसरलो नव्हतो मी." मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग हसू हळूहळू गेलं. ते मनात दीड वर्षाचा हिशेब करत असावेत. हात माझ्या डोक्यावरून काढून मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळत राहिले, पाकळीची कड पातळ करताना चोळायचे तसं.

"अगं," ते म्हणाले, "तेव्हा दिसत होतं मला."