एक्स्टेंशनवरचं आडनाव

"हे आडनाव काढ," सर म्हणाले.

सगळे बघत होते. नगरमधलं आमचं छोटं ऑफिस. भिंतीवरच्या स्क्रीनवर मी बनवलेल्या ब्राउझर एक्स्टेंशनचं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं, माहितीपान. तळाशी 'निर्मिती', आणि माझं पूर्ण नाव.

"क्लायंट जुन्या वळणाचे आहेत. आडनाव बघून उगाच चौकशा करतात. राग मानू नकोस, तू घरचीच आहेस."

त्यांनी कीबोर्ड ओढला. स्वतःच खोडलं. तिथं माझ्या शेजारी बसणाऱ्या निखिलचं नाव टाईप केलं. निखिल खाली बघत राहिला. माणूस वाईट नाही.

मला राग आला नाही. थकवा आला. शाळेत हजेरीला माझं आडनाव आलं की पुढची बाकं वळून बघायची. कॉलेजात असताना खोली शोधायला गेले की घरमालकीण आडनाव विचारायची, आणि खोली नेमकी आधीच गेलेली असायची. आता इथं. तेच. पुन्हा.

काम माझं होतं. आमचे क्लायंट असलेल्या वकिलांना जमिनीचे जुने स्कॅन केलेले कागद ब्राउझरमध्येच वाचून हवे होते. कागद बाहेरच्या सर्व्हरवर जाता कामा नये, ही त्यांची अट. आधी जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या नेहमीच्या भाषेत केलं, तर पान गोठून बसायचं. मग अक्षरं ओळखायचा भाग रस्ट या वेगवान भाषेत नव्यानं लिहिला, ब्राउझर भराभर चालवू शकेल अशा वेबअसेंब्लीच्या रूपात उतरवला, एक्स्टेंशनमध्ये बसवला. ब्राउझर तो चालूच देईना. सुरक्षेच्या नियमांत त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते, हे चुकत चुकत कळलं. पुसट कागदावरचा 'ळ' पहिल्यांदा बरोबर ओळखला गेला, तेव्हा मी एकटीच हसले होते.

संध्याकाळी कर्जतला आईला फोन केला.

"खोडलं तर खोडू दे गं. नोकरी हाय ना? आमी काय कमी ऐकलं?" मग थांबून म्हणाली, "पर तुला सोसत न्हाई, व्हय ना?"

"न्हाई."

"मग नको सोसू."

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. "निखिलला सगळं नीट समजावून दे. डेमो तो देईल."

"माझं नाव परत टाका. मग समजावते."

"इतकं काय मनाला लावून घेतेस? आम्ही जात मानत नाही."

"मग खोडलं कशाला?"

"डेमो निखिलच देईल," म्हणत त्यांनी पुढची फाईल उघडली. मी जागेवर येऊन राजीनामा लिहिला.

एक्स्टेंशन कंपनीचं. ते निखिलच्या नावानं चालू आहे. मी मुलाखती देत फिरते. आडनाव ऐकून समोरचा आवाज बदलतो, ते अजूनही कळतं. दमलेय. लई दमलेय.

पण नाव सांगताना मी आता आवाज खाली आणत नाही. माझं काम पाहिजे तर आडनावासकट घ्या. जिथं ते खुपेल तिथून मी उठेन. आणि का उठले, ते सगळ्यांसमोर सांगून उठेन.