मामांनी पारखलेलं कॉलेज

सटाण्याच्या माझ्या थोरल्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. मामा कांद्याचे व्यापारी. लिलावात ट्रॉली पुढे आली की वरच्या कांद्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा कांदा उपसत. हीच रीत सगळीकडे. मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलगा कसा आहे हे त्यांनी त्याच्या आईवडिलांना नाही, गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारलं होतं.

बारावीनंतर मला संस्कृत शिकायचं होतं. वडील म्हणाले, "मामांना कॉलेज पसंत पडलं तर जा, नाहीतर इथेच बी.कॉम. कर." फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. नाशकातल्या पहिल्या कॉलेजात प्राचार्यांनी मागवलेला चहा येईपर्यंत मामा ग्रंथालयात पोचले, शेवटच्या कपाटातलं सगळ्यात खालचं पुस्तक काढून त्यांनी फुंकर मारली आणि शिंकत बाहेर आले. "चल पोरी, हितं कोणी वाचत नाय." दुसऱ्या कॉलेजात संस्कृतचा वर्ग कुठला हे शिपायालाच ठाऊक नव्हतं. तेही बाद! त्या संध्याकाळी पंचवटीत आत्याकडे मी रडकुंडीला आले. "मामा, उद्या शेवटचा दिवस आहे हो!" मामा शांतपणे म्हणाले, "असू दे. पण सडका माल मी घ्यायचो नाय."

तिसऱ्या कॉलेजात बाईंची परवानगी काढून ते दुसऱ्या वर्षाच्या तासाला चक्क मागच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर घेऊन. वर्गात मुली दोन. मी बाहेर व्हरांड्यात नखं खात उभी. तासाभराने मामा आले. "मला एक अक्षर कळलं नाय. पण दोन पोरींसाठी बाई पन्नास पोरी असल्यागत शिकवत व्हत्या."

मी धावतच ऑफिस गाठलं. खिडकी बंद व्हायला आली होती आणि पालकाच्या सहीपाशी मामांचं पेन अडलं.

"आता काय राहिलं, मामा?"

"तू शिकशील गं. पण घरी ते ऐकणार कोण? एकटी पडशील ना तू."

त्यांची एवढी उठाठेव कसल्या धास्तीने चालली होती, ते मला तेव्हा कळलं. तरी मी चिडूनच म्हटलं, "मग तुम्ही ऐका!" मामांनी सही केली.

आणि ते त्यांनी मनावर घेतलं. सुट्टीत मी संस्कृतचं पुस्तक घेऊन सटाण्याला गेले की हातातलं काम टाकून ते समोर बसत. "हां, म्हण." भलत्याच जागी "लय भारी!" अशी दादही देत. आता मी त्याच कॉलेजात शिकवते. मामांना हल्ली फारसं ऐकू येत नाही, आणि कानाला यंत्र लावायला ते तयार नाहीत. तरी मी गेले की खुर्ची ओढून जवळ बसतात, माझ्या ओठांकडे बघत मान डोलावतात. मला मग वाचन थांबवावंसंच वाटत नाही.